पाण्याला खेटून उडणारी बोट

ग्वाल्हेरहून मुरैना ओलांडून धौलपूरच्या वाटेला लागले की चंबळेचा पूल लागतो. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास पात्र आटते, मधली वाळूची बेटे उघडी पडतात आणि त्यांवर पाणचिऱ्यांचा मुक्काम पडतो. काळी पाठ, पांढरे पोट, केशरी चोच आणि त्या चोचीची खालची पाती वरच्या पातीहून लांब, असा हा पक्षी एकदा पाहिला की विसरणे नाही. सकाळच्या निवांत पाण्यावरून तो खालची चोच बुडवून सरळ रेषेत जातो. मागे पाण्यावर बारीक चीर उमटत जाते. पंखांची टोके आता पाण्याला लागणार असे वाटते, पण ती लागत नाहीत. पाहणाऱ्यास वाटावे, एका मासोळीसाठी बिचाऱ्याला किती हा आटापिटा! वस्तुस्थिती उलट आहे. पाण्याच्या इतके जवळून उडण्यात त्याचे कष्ट वाचतात. १९७७ साली विदर्स आणि टिम्को या दोघा अभ्यासकांनी याच पक्ष्याच्या अमेरिकेतील भाऊबंदाचा हिशेब मांडून हे दाखवून दिले होते.

हा पक्षी आज आठवण्याचे कारण म्हणजे आमच्या भाच्याने आणलेले एक चित्र. भाचा यंत्रशास्त्राचा विद्यार्थी. लष्करातील आमच्या घरी दिवाळीला आला तो एक रंगीत पत्रक घेऊनच. त्यात समुद्रावर दोन-चार पुरुष उंचीवरून धावणारे एक वाहन होते. त्याला पंख होते, पंखांवर ओळीने पंखे होते, खाली नावेसारखे पोट होते. "मामा, हे विजेवर चालतं. बारा माणसं घेऊन ताशी २९० किलोमीटर," तो म्हणाला. आत्याबाई पलीकडे वाती वळीत बसल्या होत्या. त्यांचे बालपण रत्नागिरीकडचे. चष्मा सावरून त्यांनी चित्र पाहिले आणि विचारले, "अरे, पण ही बोट म्हणायची की विमान? आणि बोट लागते का हिच्यात?"

आत्याबाईंचे हे दोन प्रश्न जगभरच्या आरेखकांनी गेली साठ वर्षे निरनिराळ्या शब्दांत विचारले आहेत. त्यांची उत्तरे शोधता शोधता मला जे उमगले ते वाचकांसमोर ठेवतो.

प्रथम पाणचिऱ्याचे कसब समजून घेऊ. पंखाखालची हवा दाबलेली असते, वरची विरळ असते. पंखाच्या टोकाशी खालच्या हवेला वर निसटण्यास वाट मिळते, म्हणून तेथे भोवरे उठतात. ते भोवरे फिरवीत ठेवण्यात विमानाची शक्ती फुकट जाते आणि ती त्याला मागे ओढते. जमीन किंवा पाणी अगदी जवळ आले की भोवऱ्यांना पुरते फिरण्यास जागा उरत नाही आणि ही ओढ घटते. वैमानिक याला ग्राउंड इफेक्ट म्हणतात. आपण भूप्रभाव म्हणू. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर, म्हणजे पंखविस्तार, हे येथले माप. पृष्ठभागापासून पंखविस्ताराएवढ्या उंचीवर भोवऱ्यांची ओढ जेमतेम दीड टक्का कमी होते. चौथाई उंचीवर सुमारे २३ टक्के. आणि दहाव्या हिश्शावर ४८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे लाभ आहे खरा, परंतु तो अगदी पाण्याला बिलगणाऱ्यासच. शिवाय भोवऱ्यांची ओढ ही एकूण ओढीचा एक भाग होय. हवेचे घर्षण उरतेच. जाहिरातीत "निम्मी ओढ" असे वाचले तर हे ध्यानी ठेवावे.

एवढ्या तुटपुंज्या वाटणाऱ्या लाभावर एका माणसाने आपले आयुष्य लावले. त्याचे नाव रोस्तिस्लाव अलेक्सेयेव. सोव्हिएत रशियातील गोर्की शहरात, ज्याला आज पुन्हा निझ्नी नोवगोरोद म्हणतात, त्याची कर्मशाळा होती. तो मूळचा बोटींचा आरेखक. पाण्याखाली लहान पंख बसवून बोटीचे पोट पाण्याबाहेर उचलणारी "राकेता" ही त्याची प्रवासी नौका १९५७ मध्ये व्होल्गा नदीवर धावली. असल्या बोटीला हायड्रॉफॉइल म्हणतात. मी तिच्या पाण्यातील पंखांना जलपंख म्हणेन. जलपंखांना एक मर्यादा असते. वेग ताशी ७५ ते ९० किलोमीटरच्या घरात गेला की पंखाच्या पाठीवर दाब इतका उतरतो की थंड पाणीही तेथे उकळू लागते, बुडबुडे फुटून धातू खातात आणि उचल ढासळते. अलेक्सेयेवने विचार केला असावा की पाण्यात राहून वेग वाढत नसेल तर पाण्याबाहेर यावे, पण फार दूर जाऊ नये.

१९६६ साली त्याचे अवाढव्य यान कॅस्पियन समुद्रावर उडाले. लांबी सुमारे ९२ मीटर, पंखविस्तार ३७ मीटरांहून थोडा अधिक, कमाल वजन ५४४ टन, इंजिने दहा. अमेरिकेच्या टेहळणी उपग्रहाने त्याचे छायाचित्र टिपले तेव्हा अंगावरील दोन अक्षरे वाचून पाश्चात्त्य तज्ज्ञांनी त्याला "कॅस्पियनचा राक्षस" असे नाव दिले. वास्तविक त्या अक्षरांचा अर्थ "नमुना जहाज" एवढाच होता! रशियन भाषेत असल्या यानाला एक्रानोप्लान म्हणतात. एक्रान म्हणजे पडदा, ज्याच्या आधाराने ते उडते तो पृष्ठभाग.

त्या राक्षसाच्या चित्रात पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती शेपटी. ती आहे उंच, आणि तिचा आडवा पंख जवळजवळ मुख्य पंखाइतकाच रुंद. साध्या विमानाला एवढी शेपटी कोणी लावणार नाही. ती तेथे का आली हे समजले की या विषयाचे निम्मे कोडे सुटते.

मोकळ्या हवेत पंखाची उचल साधारणतः त्याच्या पुढच्या कडेपासून चौथाई अंतरावर एकवटलेली असते. पंख पाण्याच्या अगदी जवळ आला की खाली कोंडलेली हवा त्याला सर्वत्र सारखीच उचलू लागते आणि उचलीचा मध्य मागे, पंखाच्या अर्ध्याकडे सरकतो. आता कल्पना करा की यान पाण्यालगत समतोल चालले आहे आणि वाऱ्याच्या झोताने ते हातभर वर गेले. भूप्रभाव सैल होतो, उचलीचा मध्य पुढे येतो, त्यामुळे नाक वर होते. नाक वर झाले की उचल वाढते, यान आणखी वर जाते, मध्य आणखी पुढे येतो. हे चक्र कोणी मोडले नाही तर यान नाक आकाशाकडे करून उताणे पडते. उलट, यान हातभर खाली आले तर मध्य मागे सरकतो, नाक पाण्याकडे वळते. ज्या पाण्याच्या सान्निध्याने उचल दिली तेच पाणी तोल हिरावून घेते. शक्तिशाली इंजिन बसवून हा दोष जात नाही.

रशियात इरोदोव आणि जर्मनीत श्टाउफेनबील यांनी १९७० नंतरच्या काळात या तोलाचे गणित स्वच्छ मांडले. ते आपल्या भाषेत असे सांगता येईल. दोन बिंदू कल्पावेत. यानाचा कोन तोच ठेवून केवळ उंची बदलली, तर उचलीत पडणारा फरक ज्या ठिकाणी लागू होतो तो पहिला बिंदू. उंची तीच ठेवून केवळ नाकाचा कोन बदलला, तर पडणारा फरक जेथे लागू होतो तो दुसरा. पहिला बिंदू दुसऱ्याच्या पुढे असला पाहिजे. तसे असेल तर यान खचले की त्याचे नाक आपोआप किंचित वर होते आणि ते पुन्हा आपल्या उंचीवर येते. पहिला बिंदू मागे पडला की तेच यान खचताना नाक खाली घालते. उंच, मोठ्या शेपटीचे काम दुसऱ्या बिंदूला मागे खेचून धरण्याचे. ती उंच अशासाठी की भूप्रभावाच्या आवाक्याबाहेर राहावी. पाण्याच्या जवळ-दूर होण्याने तिच्यात बदल पडू नये. परंतु अशी शेपटी म्हणजे वजन आणि ओढ. भूप्रभावाने जी बचत केली तिच्यातील मोठा वाटा ती परत खाऊन टाकते.

जर्मन आरेखक अलेक्झांडर लिपिश याने निराळी वाट काढली. त्रिकोणी पंख त्याने उलटा बसविला. सरळ रुंद बाजू पुढे, निमुळते टोक मागे, आणि पंखांच्या कडा खाली पाण्याकडे झुकलेल्या. या आकारात उचलीचा मध्य फारसा भटकत नाही आणि शेपटी लहान चालते. त्याचे पहिले असे यान १९६३ चे, पुढची दोन १९७० आणि १९७७ ची. माझ्या मते या सबंध इतिहासातील सर्वांत शहाणा विचार हाच होय. त्याला मोठा आश्रयदाता मिळाला नाही, म्हणून राक्षसाचे नाव गाजले आणि लिपिशचे मागे राहिले.

अलेक्सेयेवची कथा दुःखद आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास त्याच्या "ओर्ल्योनोक" नावाच्या यानाची चाचणी चालू असताना शेपटीसकट मागला भाग तुटून पडला. अलेक्सेयेव स्वतः आत होता. त्याने सुकाणू आपल्या हाती घेतले, पुढच्या इंजिनांचा जोर सोडू दिला नाही आणि उरलेले धड पाण्यावरून पिटाळीत किनाऱ्याला आणले. माणसे वाचली, पण त्याचे पद गेले. १९८० च्या फेब्रुवारीत तो वारला. त्याच वर्षी त्याचा राक्षसही कॅस्पियनमध्ये गेला. उड्डाण घेताना नाक प्रमाणाबाहेर उचलले गेले होते. १९९२ मध्ये एक ओर्ल्योनोक कोसळून एक जण दगावला. लष्करी सेवेतले शेवटचे मोठे यान "लुन" २०२० साली ओढून आणून देर्बेंतच्या किनाऱ्यावर ठेवले गेले.

मग आता पुन्हा हा उद्योग कशासाठी? याचे उत्तर विजेत आहे. भाच्याच्या पत्रकातील यान अमेरिकेच्या ऱ्होड आयलंडमधील रीजेंट या कंपनीचे. कंपनी २०२० मध्ये स्थापन झाली. २०२२ मध्ये तिने चौथाई आकाराचा नमुना उडवून दाखविला आणि मार्च २०२५ मध्ये पूर्ण आकाराच्या यानाच्या, माणसे बसवून, पाण्यावरील चाचण्या सुरू झाल्याचे जाहीर केले. यानाचे नाव व्हाइसरॉय. पंखविस्तार सुमारे २० मीटर, प्रवासी बारा, चालक दोन, आणि एका भरणीत सुमारे ३०० किलोमीटर जाण्याचा दावा.

विजेने काय साधते ते पाहू. पाण्यावरून उठणे हे असल्या यानाचे सर्वांत कठीण काम. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. नावेचे पोट पाण्यात असेपर्यंत वेग वाढवू जावे तो आपणच उठविलेल्या लाटेची टेकडी पुढे उभी राहते. ती ओलांडण्यास जी शक्ती लागते ती पुढे उडत राहण्यास लागणाऱ्या शक्तीच्या कितीतरी पट. कॅस्पियनच्या राक्षसाची पुढची आठ इंजिने मुख्यतः यासाठीच होती. एकदा उठल्यावर ती बहुतेक नुसते ओझे. विजेच्या मोटारीचा गुण असा की थोडा वेळ तिच्याकडून नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक काम घेता येते. तापण्यापूर्वी सोडली म्हणजे झाले. मोटारी लहान असल्याने एका मोठ्या इंजिनाऐवजी डझनभर पंखे पंखाच्या कडेने ओळीत लावता येतात. त्यांचा वारा पंखावरून वाहतो आणि कमी वेगातही पंखाला उचल मिळते. याची निकड किती, हे पाहा. उचल वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ७५ किलोमीटरला मिळते तिच्या पंधरापट उचल ताशी २९० ला मिळते. म्हणून उठतानाची गरीबी आणि उडतानाची श्रीमंती यांचा मेळ एकाच पंखात घालावयाचा असतो.

व्हाइसरॉयला खाली जलपंखही आहेत. बंदरात ते नावेसारखे तरंगते, बाहेर पडल्यावर जलपंखांवर उभे राहते, आणि मग हवेतल्या पंखांवर जाते. अलेक्सेयेवने आयुष्यात जी दोन निरनिराळी वाहने केली ती येथे एका पोटाखाली आली आहेत. पण त्यांच्या सांध्यावरच खरी परीक्षा आहे. जलपंखांचे पाणी उकळू लागण्याच्या आत हवेच्या पंखांनी सारे ओझे स्वीकारले पाहिजे. ज्या क्षणी जलपंख पाणी सोडतात त्या क्षणी खालून धरून असलेली ओढ एकदम नाहीशी होते, आणि ती नाकाला खाली दाबत असेल तर नाक उसळते. लाट ओबडधोबड असेल तर एक जलपंख बाहेर, एक आत, असेही घडेल. पाणचिऱ्याची चोच पाण्यातल्या काटकीवर आदळली की त्याची मान झटक्यासरशी खाली वाकते आणि धक्का जिरवते. यंत्राला अशी मान कशी द्यावी, हा आरेखकांचा प्रश्न आहे.

विजेची आणखी एक देणगी आहे, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष वेधीत नाही. तेलाच्या टाक्या प्रवासात रिकाम्या होतात आणि यानाचा गुरुत्वमध्य सरकतो. बॅटरीचे वजन भरलेली असो वा रिती, तेवढेच राहते आणि ती पोटात अगदी खाली, हव्या त्या जागी बसविता येते. ज्या वाहनाचा जीव दोन बिंदूंच्या अंतरावर लटकला आहे त्याला हे फार मोठे साहाय्य होय.

आता या देणगीची किंमत. घरच्या वीजबिलातील युनिटाच्या भाषेतच बोलू. एक किलो विमानी तेलात सुमारे १२ युनिट शक्ती असते. सर्व आवरणांसह तयार बॅटरीच्या एका किलोत ०.२ युनिटाच्या आसपास, म्हणजे साठ पटींनी कमी. मोटार विजेतील दहा हिश्शांपैकी जवळजवळ नऊ कामी आणते, तेलाचे इंजिन तीन-चार. तरीही अंतर वीसेक पटीचे उरते. समजा, यानाच्या एकूण वजनातील ३० टक्के बॅटरीला दिले. समजा, यान इतके चांगले आहे की १८ किलो वजन पेलण्यास एक किलोचा रेटा पुरतो. आणि बॅटरीपासून पंख्यापर्यंतची गळती चौथाई धरली. गुणाकार केला की उत्तर येते सुमारे ३०० किलोमीटर. कंपनीचा दावा आणि हा गुणाकार जुळतात, याचा मला आनंद झाला. परंतु हे ३०० किलोमीटर बॅटरी पूर्ण रिती होईपर्यंतचे. पाचवा हिस्सा शिल्लक ठेवावयाचा तर २४० उरतात. विमानाला दुसऱ्या विमानतळापर्यंतचा साठा बाळगावा लागतो, या यानाला गरज पडल्यास पाण्यावर बसता येते, हा त्याचा मोठा युक्तिवाद आहे. पाणी बसण्याजोगे असेल तर तो खराही आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याकडेही हा विषय वृत्तपत्रांत झळकला होता. मद्रासच्या आय.आय.टी.च्या छत्राखाली वाढलेल्या वॉटरफ्लाय टेक्नॉलॉजीज या मंडळींनी असेच यान योजिले असून कोलकाता ते चेन्नई हा सुमारे १६०० किलोमीटरचा प्रवास माणशी ६०० रुपयांत घडविण्याची त्यांची उमेद आहे, असे ते वृत्त होते. तरुणांच्या उमेदीस मी हसणार नाही. पण वरचाच गुणाकार पुन्हा करून पाहावा. यानाचे निम्मे वजन बॅटरीचे केले आणि एक किलो रेट्यात १८ ऐवजी ३० किलो पेलण्याचा पराक्रम साधला, तरी उत्तर ८०० किलोमीटरच्या किंचित पुढे जाते. आजच्या बॅटरीवर एका दमात ते अंतर तुटणार नाही. वाटेत बंदरे घेऊन भरणी करावी लागेल किंवा दुसरे इंधन जोडीला घ्यावे लागेल.

विजेमुळे स्थैर्याचा प्रश्न मात्र नव्या तऱ्हेने हाताळता येतो, आणि माझ्या समजुतीने या पिढीचा खरा डाव तेथेच आहे. डझनभर पंख्यांचा जोर सेकंदाच्या अंशात कमी-जास्त करता येतो. उंची मोजणारी रडार-उपकरणे, यानाचा कल ओळखणारी उपकरणे आणि संगणक यांना एकत्र बांधून यानाचा तोल क्षणाक्षणाला सावरता येतो. म्हणजे अलेक्सेयेवने जे काम अजस्र शेपटीकडून करून घेतले त्यातील बरेचसे आता आज्ञावलीकडे देता येईल. त्यातून शेपटी लहान, पंख अरुंद आणि लांब, ओढ कमी.

हे काम माणसाच्या हाती का ठेवता येत नाही याचा एकच हिशेब देतो. ताशी २९० म्हणजे सेकंदाला ८० मीटर. पाण्यापासून पाच मीटरांवर असताना नाक केवळ तीन अंश खाली झुकले, तर यान एका सेकंदाहून थोड्याच अधिक वेळात पाण्याला भिडते. आपल्याला दचकण्यासच तेवढा वेळ लागतो. आणि त्या वेगाला पाणी म्हणजे पाणी नव्हे. भिडणाऱ्या भागावर दर चौरस मीटरला सुमारे ३४० टनांचा दाब येतो. यंत्राला तरी ही कामगिरी सोपी आहे असे समजू नये. खाली लाट आहे. उंची मोजावयाची ती लाटेच्या माथ्यापासून की दरीपासून? सरासरी काढावी तर तिला वेळ लागतो, न काढावी तर यान प्रत्येक लाटेबरोबर नाचू लागते. एक उपकरण बिघडले तर दुसऱ्याने, दुसरे खोटे बोलले तर तिसऱ्याने पंचायत करावी, अशी तिहेरी व्यवस्था ठेवावी लागते. ज्या यानाचा आकारच मुळात स्थिर आहे त्याचा संगणक रुसला तर ते निदान काही काळ तग धरील. ज्याचे स्थैर्य केवळ आज्ञावलीत आहे त्याला तो अवसर नाही. म्हणून मला वाटते, शेपटी लहान करण्याच्या मोहात आरेखकांनी लिपिशला विसरू नये. आत बसणारी माणसे पत्रकातील चित्रे नव्हेत.

आत्याबाईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिलेले आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००२ मध्ये या यानांसाठी मार्गदर्शक नियम केले आणि २०१८ मध्ये ते सुधारले. त्यांनुसार जे भूप्रभाव सोडून वर जाऊच शकत नाही किंवा तेवढ्यापुरते, १५० मीटरांच्या आतच, वर जाते त्याची गणना मुळात जहाजांत. जे त्याहून वर उडू शकते त्याला विमानाचे नियमही लागू. समुद्रावरील टक्करी टाळण्याच्या नियमांतही या यानाला वेगळे कलम आहे. उठताना, उतरताना आणि पाण्यालगत उडताना त्याने इतर सर्व नौकांपासून स्वतःच दूर राहावयाचे. वाट देण्याचे उत्तरदायित्व त्याचे. कोळ्याच्या होडीचे नव्हे. हा नियम न्याय्य आहे, पण पाळणे कठीण आहे. पाण्यालगत वळताना यान फार कलू शकत नाही. २० मीटर पंखाचे यान दहा अंश कलले तरी त्याच्या पंखाचे टोक पावणेदोन मीटर खाली जाते. आणि दहाच अंश कलून त्या वेगात वळावयाचे तर वळणाची त्रिज्या पावणेचार किलोमीटर होते. दोन किलोमीटरांवर होडी दिसली तर हाती पंचवीस सेकंद उरतात. थोडे वर उसळून तिला ओलांडावे, तर पुन्हा तो उचलीच्या मध्याचा सारा खेळ आलाच.

पणजी ते रत्नागिरी हे अंतर सरळ रेषेत १७० किलोमीटरांच्या आसपास, तेथून मुंबई सुमारे २२०. भाच्याने कागदावर मांडले, पस्तीस मिनिटे आणि पंचेचाळीस मिनिटे, मध्ये रत्नागिरीस भरणी. मुंबई-गोवा बोटीत रात्र काढलेली पिढी अजून आपल्या घरांत आहे. तिला हे आकडे स्वप्नवत वाटतील. मात्र आत्याबाईंनी १७ जुलै १९४७ ची "रामदास" बोट ऐकलेली आहे. मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट लाटेने कलली, प्रवासी एका अंगाला धावले आणि सहाशेहून अधिक जीव गेले. "पावसाळ्यात चालेल का रे ही?" त्यांनी विचारले. भाचा प्रामाणिक आहे. तो म्हणाला, "नाही चालायची."

पावसाळा सोडला तरी गणित सुटत नाही. २० मीटर पंखाच्या यानाला भूप्रभावाचा भरघोस लाभ घ्यावयाचा तर दोन मीटरांवरून उडावे लागेल आणि त्या उंचीवर दीड मीटरची लाट सोसणार नाही. पाच मीटरांवर गेले तर लाट सोसेल, पण बचत निम्म्याहून कमी होईल. मोठे यान करावे तर पंखविस्तार वाढतो आणि उंची परवडते. पण मोठ्या यानाला मोठी बॅटरी, आणि तिला भरणारे मोठे वीजकेंद्र बंदरात हवे. किनाऱ्यालगत पाणी शांत असते, तर तेथे होड्या, जाळी आणि जाळ्यांचे तरंगते बोये. खोल समुद्रात वाट मोकळी, तर तेथे लाट मोठी. दक्षिण कोकणात नारळी पौर्णिमेपासून कोळ्यांची जी लगबग सुरू होते ती पाहिलेल्यास हे निराळे सांगावयास नको.

राहिला आत्याबाईंचा दुसरा प्रश्न. तरंगताना ही बोट लागेल, कारण तेव्हा ती बोटच आहे. जलपंखांवर ती लाटेच्या वर उभी राहते, त्यामुळे बरीच सुसह्य होईल. हवेत मात्र बोट लागण्याजोगे संथ हेलकावे नसतील. तेथे पाण्यालगतच्या दाबलेल्या हवेवरून जाताना खडबडीत रस्त्यावरील मोटारीसारखे बारीक हिसके बसतील. आत्याबाईंनी सारे ऐकून घेतले, वातींचा जुडगा डब्यात ठेवला आणि म्हणाल्या, "आधी तुझ्या त्या साहेब लोकांना चार वर्षं बसून जाऊ दे. मग माझं तिकीट काढ. खिडकीजवळचं."